मैनेला कमी दिसतंय

आमच्या दुकानात गिऱ्हाईक येतं ते तोंड वाकडं करूनच. हॉर्न वाजत नाही, सेल्फ उचलत नाही, एका बाजूचा इंडिकेटर मेला. हसतमुखानं कुणी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. अपवाद कारभारीतात्यांचा. गाडी दोरीनं ओढत आणलेली असली तरी तात्या उतरणार ते लग्नघरी आल्यासारखे. टोपी सरळ करणार, पाटीवरच्या माझ्या वडिलांच्या नावाला हात जोडणार आणि म्हणणार, "शैला, आधी चहा सांग. दुखणं मंग सांगतो."

त्या नोव्हेंबरात मात्र त्यांनी चहाच्या आधी दुखणं सांगितलं.

"पोरी, मैनेला कमी दिसतंय."

मैना म्हणजे त्यांची जीप. बाटलीसारख्या हिरव्या रंगाची, चारही चाकांनी ओढणारी, सरकारी लिलावात घेतलेली. तात्यांनी उभं आयुष्य नाशिक-दिंडोरी-वणी रस्त्यावर काळी-पिवळी चालवली. आत किती माणसं बसायची ते विचारू नये, बाहेर किती लटकायची तेही विचारू नये. माहेरवाशिणी, परीक्षेची पोरं, गडावर निघालेले भक्त, कोंबड्या, एकदा तर नवरदेवच. हॉल तिकीट घरी विसरलेल्या एका मुलीसाठी त्यांनी भरलेली गाडी अर्ध्या वाटेतून मागं वळवली होती आणि कुरकुरणाऱ्या पॅसेंजरांना म्हणाले होते, "तुमच्या कुणाचा पेपर हाय का आज? मंग गप बसा."

धंदा बंद झाला तेव्हा मुलानं, महेशनं, द्राक्षबाग हातात घेतली आणि बापाला सांगितलं, आता आराम करा. तात्यांनी आराम केला तो जेमतेम एक हंगाम. मग एक दिवस ही जीप घेऊन दारात. महेशचा पारा चढला. लंकाकाकू, म्हणजे तात्यांच्या मंडळी, कुंकवाची वाटी घेऊन बाहेर आल्या, गाडीला ओवाळलं आणि म्हणाल्या, "आणलीच हाय सवत, तर नाव तरी ठेवा." तेव्हापासून ती मैना.

आता माझं सांगते. आमच्या घराण्यात गोदाकाठी यात्रेकरूंची भिक्षुकी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. बाबांना मंत्र पाठ होईनात आणि बंद पडलेला रेडिओ उघडून बघितल्याशिवाय राहवेना. त्यांनी पंचवटीत दिंडोरी रोडला हे दुकान टाकलं तेव्हा नातेवाईक म्हणाले, चिंतामण वाया गेला. मी त्यांची एकुलती एक मुलगी. मी पाना हातात घेतला तेव्हा बोलायला नातेवाइकांकडे शब्दच उरले नाहीत. माझी जीभ तिखट आहे असं सगळी गल्ली म्हणते. बाईमाणसाला गॅरेजच्या गल्लीत गोड बोलून भागत नाही, एवढंच माझं त्यावर म्हणणं.

तर मैनेला कमी दिसत होतं. मी बॉनेट उघडलं, वायरी तपासल्या, कपलर म्हणजे वायरींचे जोड साफ केले, दोन्ही बल्ब नवे घातले. मीटर लावून पाहिला. दिव्यापर्यंत करंट अगदी भरपूर पोहोचत होता. दिवेलागणीला गाडी समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभी केली.

ही भिंत समोरच्या बंद वखारीची. बाबांनी मालकाला विचारून तिला चुना मारला होता आणि हेडलाईटच्या उंचीला एक आडवी निळी रेघ ओढली होती. गाडीचा उजेड त्या रेघेच्या वर गेला तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, फार खाली राहिला तर आपल्यालाच खड्डा दिसत नाही. म्हणून एकानं दिव्याचा स्क्रू फिरवायचा आणि दुसऱ्यानं गाडीमागं उभं राहून भिंतीकडे बघत सांगायचं: वर, अजून वर, बास. गल्लीत 'बास' म्हणण्याचा मान बाबांच्या वेळेपासून तात्यांचा. त्यांचा डोळा म्हणजे ओळंबा, बाबा म्हणायचे. कुणाचीही गाडी असो, तात्या चहाला थांबलेले असले की त्यांनाच बोलावणं जायचं.

त्या दिवशी घाई होती म्हणून मी एकटीनंच दिवे लावले. भिंत लख्ख उजळली. तात्या म्हणाले, "झ्याक!" आणि गेले.

काही दिवसांतच परत. "नाय पडत गं उजेड. डांबरी रस्त्यावर भागतं, डोंगरात नाय भागणार. जादा दिवे टाक."

डोंगराचं प्रकरण असं. श्रेयस नावाचा एक कंपनीतला मुलगा आणि त्याचे मित्र सुट्टीत मोठाल्या गाड्या घेऊन रानात हिंडतात. रस्ता सोडून चिखलातनं, दगडातनं गाडी घालायची आणि त्यासाठी पेट्रोल जाळायचं, हा शौक मला अजून समजलेला नाही. एकदा ही मंडळी तात्यांच्या गावच्या ओहोळात चाकं रुतवून बसली. तात्यांनी मैनेला दोर बांधून एकेकाला बाहेर काढलं, लंकाकाकूंनी पिठलं-भाकरी घातली, आणि ओळख झाली. तेव्हापासून दर जानेवारीत पेठच्या बाजूच्या डोंगरात त्यांची मोठी फेरी निघते. दुपारी चढायचं, माथ्यावर सूर्य बुडताना बघायचा, अंधारात उतरायचं. सगळ्यात पुढं मैना. तिनं चाक टाकलं तिथं बाकीच्यांनी टाकायचं. 'पुढची गाडी तात्यांची' हे श्रेयसच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी तात्यांनी गल्लीभर पेढे वाटले होते. जगात कुणाला काय मिळालं की आनंद होतो ते सांगता येत नाही. तात्यांना ती पुढची जागा मिळाली होती.

मी बंपरवर दोन जादा दिवे बसवायला घेतले. हे काम म्हणजे नुसते दोन बोल्ट आवळणं नव्हे. पुष्कळजण हेडलाईटच्याच वायरीला जोड मारून मोकळे होतात. मग ती वायर दोघांचं जेवण चौघांना वाढते, सगळेच उपाशी राहतात आणि एक दिवस तीच जळते. मी बॅटरीपासून जाड वायर वेगळी काढते, बॅटरीला लागूनच फ्यूज घालते आणि मध्ये रिले बसवते. रिले ही छोटी डबी, पण काम घरच्या थोरल्या सुनेचं: स्विचनं हळूच सांगायचं, ओझं तिनं उचलायचं. शेवटी अर्थिंग. दिव्यात गेलेला करंट गाडीच्या लोखंडातून बॅटरीकडे परत यायला हवा, म्हणून बोल्टखालचा रंग खरवडून लोखंड उघडं करायचं आणि वायर तिथं घट्ट आवळायची. रंगावरच आवळली तर दिवा लागतो, पण आजाऱ्यासारखा.

तात्या शेजारी स्टुलावर बसून सगळं बघत होते. काम झाल्यावर त्यांनी खिशातून नारळ काढला. खिशातून! कोटाच्या खिशात नारळ घेऊन माणूस दिंडोरीहून आलेला.

"गुरुजींच्या घरातली पोर तू. दोन मंत्र म्हण."

"तात्या, आमच्या बाबांना मंत्र येत असते तर हे दुकान असतं का?"

"मंग जे येतं ते म्हण."

मी शुभंकरोती म्हटलं. दिव्यांसाठी ते काही वाईट नाही. तात्यांनी नारळ फोडला, स्विच दाबला, रिले टिक् वाजला आणि भिंतीवर दिवस उगवला. समोरचा पंक्चरवाला ओरडला, "ओ तात्या, विमान उतरवताय का?" तात्या असे खुलले की त्या आनंदात माझ्याही चहाचे पैसे देऊन गेले.

आठवडा गेला नसेल, मैना दारात. "दिवे मिणमिणत्यात."

आता मला राग आला. माझं वायरिंग आणि मिणमिणणार? स्विच दाबून पाहिला तर खरंच मेणबत्त्या. मी खाली वाकले आणि हसू की रडू तेच कळेना. नव्या दिव्यांना दृष्ट लागू नये म्हणून लंकाकाकूंनी लिंबू-मिरची बांधली होती. दोरा तुटतो म्हणून तारेत ओवलेली. आणि ती तार अडकवायला त्यांना अख्ख्या गाडीत एकच जागा पसंत पडली होती: माझा अर्थिंगचा बोल्ट. घरातला पाना घेऊन बोल्ट सैल केला, तार खाली सरकवली आणि वरून हातानंच फिरवून ठेवला. त्यात लिंबू पिकून रस खाली ओघळला, आणि माझ्या वायरीच्या चकचकीत तांब्यावर शेवाळासारखा हिरवा गंज चढलेला.

मी तिथूनच फोन लावला. काकू म्हणाल्या, "अगं मंग कुठं बांधू? गाडीच्या तोंडालाच बांधत्यात ना? तिथं बोल्ट रिकामाच दिसला."

रिकामा! मी बोल्ट घासून पुन्हा आवळला, त्यावर ग्रीस लावलं आणि लिंबासाठी म्हणून बंपरला एक वेगळा हूक ठोकून दिला. गल्लीत हे कळलं आणि दोन दिवस सगळ्यांना तेच पुरलं. जो तो येऊन विचारायचा, शैलाताई, माझ्या गाडीत लिंबाचं कनेक्शन कुठं दिलंय? मीही मनातून खूश होते. दोष सापडला, दिवे पेटले, आता तात्या जानेवारीपर्यंत दिसणार नाहीत.

डिसेंबर संपता संपता तात्या दिसले. या खेपेला टोपी वाकडी होती.

"शैला, टपावर चार बसव."

"चार कशाला? देऊळ आहे का ते?"

"मैनेला दिसंना झालंय गं. फेरी आठ-दहा दिसांवर आली. श्रेयस म्हणला, अंधारात उतरायचंय, पुढच्या गाडीला उजेड तगडा पायजे. तू बसव."

मी मीटर घेतला. बॅटरी ठणठणीत, करंट पूर्ण, बोल्ट घट्ट, लिंबू आपल्या हुकावर. दोष कुठंच नव्हता. आणि ज्या गाडीत दोष नाही ती गाडी मला दोषी गाडीपेक्षा जास्त छळते. म्हटलं, चला, निदान दिव्यांची उंची तरी बघू. दिवेलागण झालीच होती. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढं बसले, तात्या मागं उभे राहिले.

"सांगा."

"वर घे. अजून. अजून जरा. बास!"

मी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. उजेडाची कड निळ्या रेघेच्या चांगली हातभर वर होती. मला वाटलं, थट्टा करतायत. उजेड पार खाली आणला. "परत सांगा." पुन्हा वर, पुन्हा वर, आणि पुन्हा तिथंच: "बास!"

ज्या माणसाच्या 'बास'वर माझ्या बाबांनी कधी दुसऱ्यांदा पाहिलं नाही, तो माणूस भिंतीकडे बघत होता आणि त्याला रेघ दिसत नव्हती.

मी उठून त्यांच्याजवळ गेले. "तात्या, रेघ कुठंय दाखवा बरं."

"ती काय तिथं."

"तिथं म्हणजे कुठं?"

तात्यांनी बोट हवेत फिरवलं आणि खाली घेतलं. मग म्हणाले, "दिव्याभोवती खळं पडतंय गं. चंद्राला पडतं तसं. त्या खळ्यात कायबी नाय दिसत. म्हणून तर म्हणतो दिवे वाढव."

बाबांना शेवटी शेवटी असंच खळं दिसायचं. मी जरा हळुवार बोलायला हवं होतं, पण माझी जीभ माझं ऐकत असती तर आणखी काय हवं होतं. मी म्हटलं, "तात्या, मैनेला चांगलं दिसतंय. कमी तुम्हाला दिसतंय. मोतीबिंदू आहे तुम्हाला."

तात्यांचा चेहरा असा उतरला की मला माझाच राग आला. टोपी काढली, परत घातली. "तुझा बाप असता तर असं नसता बोलला," एवढंच म्हणाले, गाडीत बसले आणि निघून गेले. चहासुद्धा न घेता. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. लंकाकाकूंना फोन करून गाडी घरी पोहोचल्याची खात्री करून घेतली, तेव्हा कुठं पाठ टेकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला गेले तर तात्या पायरीवर. मैना नव्हती. एसटीनं आले होते. काळी-पिवळीचे कारभारीतात्या एसटीनं! मी आधी चहा सांगितला.

"काल घरी कसा गेलो माहीत हाय?" तात्या म्हणाले. "द्राक्षाचं एक पिकप चाललं होतं दिंडोरीकडं. त्याच्या मागच्या लाल दिव्याला धरून गेलो. तो थांबला का मी थांबलो, तो वळला का मी वळलो. कालच नाय. दिवाळीपासून असंच चाललंय."

"आणि डोंगरात? तिथं पुढं कुणाचा लाल दिवा असणार होता?"

"तेच तर. डोंगरात मीच पुढं. माझ्या मागं पंधरा-वीस लोकं. रातभर तेच डोळ्यापुढं येत होतं." त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणून किल्ली महेशकडं देऊन आलो."

मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. त्यांचे थोरले बंधू, बहिरूआण्णा, देवळ्याला असतात. कांद्याचे ट्रक चालवायचे. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच हे नामपूरच्या बाजारात कांद्याचा लिलाव बघायला हजर. धूळ गेली, खाजलं, खांद्यावरच्या उपरण्यानं खसाखसा चोळलं. डोळा गेला. दोष सगळा त्या उपरण्याचा, पण घरात एकच गोष्ट पक्की होऊन बसली: सुरी लागली की डोळा जातो. तात्यांना डोळा जाण्याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती.

"श्रेयसला कळलं का तो मला मागच्या गाडीत बसवंल. मान देऊन बसवंल, शाल घालून बसवंल. पण एकदा मागं बसवलं का माणूस मागचाच होतो गं शैला."

मी त्यांच्यादेखत श्रेयसला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तात्या नको नको म्हणत हात हलवत राहिले. मी सरळ सांगितलं, तात्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, जानेवारीत त्यांना जमणार नाही. तात्या चपलेकडे बघत बसले होते.

"मग तारीख पुढं ढकलू," श्रेयस म्हणाला. "होळीनंतर ठेवू."

"तात्यांच्याशिवाय जाऊन या की," मी मुद्दाम म्हटलं.

"ताई, गेलो होतो ना एकदा! वाट चुकलो आणि कुणाच्या तरी द्राक्षबागेत घुसलो. तो माणूस कुऱ्हाड घेऊन आला होता. तात्या असतील तरच डोंगर, नाहीतर घरी मिसळ खाऊ."

तात्यांनी नाक ओढलं आणि म्हणाले, "चहा लय गोड केलाय आज." चहा रोजच्यासारखाच होता.

तात्या बधले, पण एका अटीवर. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे मी बरोबर यायचं. मी गेले. नाशिकमधलाच दवाखाना, डॉक्टर तरुण आणि हसऱ्या. तात्यांनी त्यांना तपासणीच्या खुर्चीवरून विचारलं, "बाई, तुमचं अर्थिंग पक्कं हाय ना?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, त्यांना म्हणायचंय, हात कापत नाही ना. डॉक्टर म्हणाल्या, "आजोबा, माझा हात कापत नाही. तुमचा हात डोळ्याकडे जाता कामा नये."

त्याचा बंदोबस्त लंकाकाकूंनी केला. घरातली सगळी उपरणी, टॉवेल, रुमाल पेटीत कुलूपबंद. थेंब घालायच्या वेळी काकू हजर. तात्या अंगणातसुद्धा काळा चष्मा लावून बसायचे आणि येणाराजाणारा विचारायचा, कुठल्या सिनेमात काम मिळालं. आधी एक डोळा झाला, काही आठवड्यांनी दुसरा. पहिली पट्टी सुटली तेव्हा समोर काकूच होत्या. तात्या त्यांच्याकडे बघतच राहिले.

"तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

"तुमच्या मैनेचे दिवे बदलण्यात तुमचं लक्ष होतं ना, तवा," काकू म्हणाल्या, आणि पदराआड वळून डोळे पुसले. रुमाल तर पेटीत होते.

दुसऱ्या डोळ्यालाही महिना होऊन गेला आणि डॉक्टरांनी गाडीची परवानगी दिली, त्या संध्याकाळी मैना आमच्या दारात आली. तात्या स्वतः चालवत. टोपी सरळ. पाटीला हात जोडले आणि वळून भिंतीकडे पाहिलं. मग हळूहळू चालत भिंतीपाशी गेले आणि रेघेवर बोट टेकवलं.

"शैला, ही रेघ निळी हाय?"

"पहिल्यापासून निळीच आहे, तात्या."

"मला वाटायचं काळी. कितीक वर्षं काळीच बघत होतो." ते बोट फिरवत रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. "काय निळी हाय राव! तुझ्या बापानं नवीन नीळ कालवली व्हती, आता आठवलं मला. ह्याच जागी उभा होतो मी."

मला एकदम बाबा दिसले. चुन्याची बादली, हातात ब्रश, आणि मागून तात्या ओरडतायत, चिंतामण, डावीकडं उतरली! मी स्क्रूड्रायव्हर शोधायच्या निमित्तानं आत गेले आणि जरा वेळानंच बाहेर आले.

मग मी पुढं बसले, तात्या मागं. "वर. अजून. थोडं खाली. बास!" मी वळून पाहिलं नाही. बाबा बघत नसत, मी कशाला बघू? पंक्चरवाल्यानं मात्र बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात तात्यांनी हौसेनं जादा दिव्यांचा स्विच दाबला आणि दोन्ही हात तोंडावर घेतले.

"बंद कर! बंद कर आधी! डोळे फोडतेस का? एवढा उजेड कोणी लावला?"

"तुम्हीच लावायला सांगितला. वर आणखी चार हवे होते."

"मला काय कळत होतं? तू शहाणी ना? नाय म्हणायचं!"

मी त्या जीपपुढं कंबरेवर हात ठेवून किती वेळ हसले ते माहीत नाही. शेवटी दोन्ही दिवे ठेवायचे पण त्यांचं तोंड खाली वळवायचं आणि डांबरी रस्त्यावर असताना त्यांना टोप्या घालायच्या, यावर तह झाला. टोप्या लंकाकाकूंनी शिवल्या, खणाच्या.

होळी झाल्यावरच्या शनिवारी फेरी निघाली. इलेक्ट्रिशियन लागते म्हणून तात्यांनी मला मैनेत पुढं बसवलं. मागं काकू, भाकरी-ठेच्याचं गाठोडं मांडीवर. माथ्यावरून सूर्य बुडताना बघितला, काकूंनी सगळ्यांना वाढलं, आणि अंधार पडल्यावर आम्ही उतरायला लागलो. टोप्या काढल्या, रिले टिक् वाजला. पुढं दगडांची उतरण, मागं दिव्यांची माळ. तात्या गुणगुणत चालवत होते. मध्येच त्यांनी ब्रेक लावला.

"काय झालं?" मागून श्रेयसचा आवाज वॉकीटॉकीवर.

मला पुढं नुसते दगड दिसत होते. काकूंनाही. तात्यांनी बोट दाखवलं. बऱ्याच वेळानं मला दिसली: वाटेच्या अगदी मध्यात बसलेली टिटवी, दगडाच्याच रंगाची. आमच्याकडे बघत होती पण उठत नव्हती.

"अंड्यांवर हाय," तात्या म्हणाले. "सगळ्यांनी दिवे बारीक करा आणि माझ्या मागं डावीकडून या. ओरडू नका कुणी."

त्यांनी मैनेला दगडांवर चढवून बाजूनं काढलं आणि एकामागून एक सगळ्या गाड्या टिटवीला वळसा घालून गेल्या. शेवटची गाडी पार होईपर्यंत ती हलली नाही. खाली सपाटीला आल्यावर श्रेयस धावत आला आणि तात्यांच्या पायाच पडला. तात्या माझ्याकडे बघून म्हणाले, "मैनेला दिसली."

ही गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण चार दिवसांनी मैना पुन्हा दारात. मी म्हटलं, आता काय? शेजारच्या सीटवर एक दांडगे म्हातारबाबा बसलेले. एक डोळा मिटलेला, खांद्यावर उपरणं. देवळ्याचे बहिरूआण्णा.

"आण्णाला मैनेचे नवे दिवे दाखवायला आणलंय," तात्या मोठ्यानं म्हणाले, आणि मला डोळा मारला. चांगला, स्वच्छ डोळा. मग मैनेचं तोंड भिंतीकडे केलं, स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढं बसले आणि आण्णांना मागं उभं केलं.

"सांग आण्णा. रेघेवर आला का बास म्हण."

उजेड वर गेला, रेघ ओलांडून गेला, वखारीच्या पत्र्यावर गेला. आण्णांनी मान पुढं काढली. खूप वेळानं म्हणाले, "कारभारी, कुठली रे रेघ?"

तात्या उठले. थोरल्या भावाच्या खांद्यावरचं उपरणं काढून घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "हे तुझ्याकडं ठेव शैला. महिनाभर देऊ नको." आण्णा मुकाट मैनेत जाऊन बसले.

ही बातमी रस्ताभर पसरली. वणी रस्त्यावरचे जुने काळी-पिवळीवाले एकेक करून संध्याकाळी भिंतीपाशी यायला लागले. कुणी म्हणे हेडलाईट मंद झालाय, कुणी म्हणे काच खराब आहे. तात्या स्टूल टाकून बसलेले, प्रत्येकाला 'बास' म्हणायला लावायचे. ज्याचा 'बास' चुकायचा, त्याला गुरुवारी सकाळी दुकानापुढं हजर राहायचं फर्मान.

त्या गुरुवारी मी शटर वर केलं तेव्हा गल्लीत रांग लागली होती. म्हातारे ड्रायव्हर आपापल्या मुलांच्या गाड्यांत मागं बसलेले, काही हसत, काही देवाचं नाव घेत. सगळ्यात पुढं मैना, हुकावर ताजं लिंबू, शेजारी बहिरूआण्णा. तात्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, मागच्यांना खूण केली आणि मला म्हणाले, "येतो गं. पोरांना दवाखाना सापडत नाय, पुढं मीच लागतो."

मी म्हटलं, "चहा घेऊन जा."

"येताना," तात्या म्हणाले, आणि रांग निघाली.